मोजमाप : ‘हुबेहूब’ म्हणजे किती?

या सदराचा धंदा वाचकांना ठाऊकच आहे. वस्तू समोर ठेवावयाची, तिच्या मालकाची स्तुती एका कानाने ऐकावयाची आणि दुसरीकडे हाताने हळूच फूटपट्टी काढावयाची. आजवर या जागी आपण घासलेटचा स्टोव्ह मोजला, शिंप्याचा गज मोजला, एकदा तर लग्नातल्या बुंदीच्या लाडवाचा व्यासही मोजला. दिवाळी अंक आला की संपादकांचे म्हणणे पडते, सणासुदीला शोभेलसे काहीतरी द्या. यंदा तशी वस्तू आपणहून चालत आली. चालत म्हणजे चाकांवरून. वीतभर लांबीचे, काळेभोर, वाफेच्या आगगाडीचे इंजिन!

खेळणे म्हणावे, तर त्याची किंमत ऐकून खेळण्याची हौस फिटावी. आमच्या वाशीममधल्या एका शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने ते परदेशातून पाठविले. त्याने आपली सारी शाळकरी वर्षे या गावात काढली, आणि सुट्टीत मामाच्या गावी जायचे ते स्टेशनावरच्या छोट्या गाडीने. शाळेत ‘रेल्वेचा कोपरा’ व्हावा, काचेच्या पेटीत इंजिन राहावे, आणि पेटीवर पितळी पाटी असावी, ही त्याची इच्छा. पाटीचा मजकूरही त्यानेच लिहून धाडला होता : ‘वाशीमवरून १९६३ साली धावणाऱ्या वायपी इंजिनाची हुबेहूब प्रतिकृती.’ त्याच पत्रात शाळेच्या प्रयोगशाळेला मदत करण्याचा मनोदयही होता. म्हणजे मामला नाजूक. मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावणे पाठविले. निरोप असा, ‘मास्तर, तुम्ही एकदा पाहून घ्या, आणि हुबेहूब आहे असे दोन ओळींत लिहून द्या.’

पाहून घेणे सोपे होते. त्या दोन ओळींनी मात्र पंधरा दिवस खाल्ले.

परीक्षक म्हणून मी एकटा गेलो नाही. आयुष्यभर चित्रकला शिकविलेल्या माणसाला रेषा कळते. पण रेषेमागचे लोखंड कळायला लोखंडात वावरलेला माणूस लागतो. तेव्हा रेल्वेतून शंटर म्हणून निवृत्त झालेल्या बापूंना बरोबर घेतले. तिसरी परीक्षक बाईंनी दिली. नववीतली एक मुलगी. तिची लायकी अशी, की प्रयोगशाळेतला एकुलता एक व्हर्नियर कॅलिपर तिलाच नीट वाचता येतो. या तिघांच्या पंचायतीत मजा अशी होती, की बापूंनी खरे इंजिन हजारदा हाताळलेले, मी ते लांबून पाहिलेले, आणि त्या मुलीने ते कधीच पाहिलेले नाही. अकोला–पूर्णा हा मीटर गेज मार्ग मोठ्या रुळांचा झाला २००८ साली. तिचा जन्म त्यानंतरचा.

आता ‘वायपी’ म्हणजे काय, हे नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. आपल्या रेल्वेने इंजिनांना नावे देण्याची एक सुटसुटीत रीत ठेवली होती. पहिले अक्षर रुळांचे : डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, वाय म्हणजे मीटर गेज, झेड म्हणजे अडीच फुटी नॅरोगेज. दुसरे अक्षर कामाचे : पी म्हणजे पॅसेंजर, जी म्हणजे मालगाडी. तेव्हा वायपी म्हणजे मीटर गेजवरचे प्रवासी गाडीचे इंजिन, आणि वायजी हा त्याचा ओझी वाहणारा भाऊ. पहिली वायपी इंजिने १९४९ साली अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्यातून आली. पुढे ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिशने आणि म्यूनिकच्या क्राउस-माफाईने ती बांधली, आणि मग जमशेदपूरच्या टेल्कोने त्यांचा रतीबच लावला. १९७० पर्यंत एकूण ८७१ वायपी झाली. एका आसावर साडेदहा टनांपेक्षा जास्त भार पडू नये, अशा बेताने केलेली ही इंजिने हलक्या रुळांवरून देशभर पळाली. वाशीमला आगगाडी आली ती स्वातंत्र्यानंतर, खांडवा–हिंगोली हा जोडमार्ग झाला तेव्हा. या घराण्याच्या इंजिनांनी इथली पॅसेंजर ओढली, आणि पुढे जयपूर–काचीगुडा मीनाक्षी एक्सप्रेसही याच मार्गाने जाई. आज या घराण्यातली काही इंजिने हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमध्ये जपून ठेविली आहेत. वाशीममध्ये त्यातले एकही नाही. म्हणून तर त्या वीतभर इंजिनाला एवढे महत्त्व.

मोजायला बसलो. पहिला प्रश्न प्रमाणाचा. जगातल्या हौशी लोकांचे सर्वांत आवडते प्रमाण म्हणजे सत्त्याऐंशीस एक. खऱ्या फुटाला नमुन्याचे साडेतीन मिलिमीटर. आमचे इंजिन याच प्रमाणाचे, असे खोक्यावर छापलेले होते. खऱ्या मीटर गेजचे दोन रूळ एकमेकांपासून १००० मिलिमीटरवर. त्याला ८७ ने भागले की साडेअकरा येतात. बाजारात मिळणारे रूळ मात्र १२ मिलिमीटरचे. म्हणजे आमचे इंजिन खऱ्या हिशेबाने ४४ मिलिमीटर रुंद वाटेवर उभे आहे. मुलीने लगेच वहीत ‘चूक’ असे लिहिले. मी म्हटले, जरा थांब, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे काय चालले आहे तेही बघ. आपले ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे. याच प्रमाणात त्याला सव्वाएकोणीस मिलिमीटरचे रूळ हवेत. पण बाजारात मिळतात साडेसोळाचे, कारण विलायतेतली मोठी लाइन १४३५ मिलिमीटरची आणि साडेसोळा हे माप तिचे. त्या रुळांवर उभे केलेले आपले कुठलेही ब्रॉडगेज इंजिन म्हणजे चोवीस सेंटिमीटर अरुंद धोतर नेसलेला पैलवान. त्या मानाने मीटर गेजवाल्यांचे नशीब चांगले. चव्वेचाळीस मिलिमीटर हा हिशेबाने दोष खरा, पण डोळ्याला तो दिसत नाही. तिने ‘चूक’ खोडून ‘क्षम्य’ लिहिले. हा शब्द पुढे फार उपयोगी पडला.

मग चाके. वायपीच्या सहा मोठ्या चाकांचा व्यास १३७२ मिलिमीटर, म्हणजे साडेचार फूट. नमुन्यात तो १५.८ मिलिमीटर हवा. कॅलिपरने दाखविला १५.७. शाबास! इथे कारखानदार लबाडी करू शकला असता. वायजीची चाके चार फुटी. नमुन्यात ती १४ मिलिमीटरची येतात. एकदा एका जातीच्या चाकांचे साचे तयार झाले, की तीच चाके दुसऱ्या इंजिनाखाली घालून पैसे वाचविण्याचा मोह होतो. दीडपावणेदोन मिलिमीटरचा तर फरक! पण त्या फरकात इंजिनाची सारी चाल आहे. मोठे चाक एका फेऱ्यात जास्त वाट कापते, म्हणून पॅसेंजरला ते. लहान चाक जोर जास्त लावते, म्हणून मालगाडीला ते. पी आणि जी या दोन अक्षरांचा अर्थच मुळी चाकात आहे. चाकांची रचनाही बरोबर होती : पुढे चार लहान, मध्ये सहा मोठी, मागे दोन, आणि मागच्या टेंडरला आठ.

मग दांडे. खऱ्या इंजिनात दट्ट्याची पुढेमागे धाव ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट. चाकावर जिथे दांडा अडकविलेला असतो ती खुंटी चाकाच्या मध्यापासून याच्या निम्म्या अंतरावर, एक फुटावर. नमुन्यात हे अंतर साडेतीन मिलिमीटर हवे, भरले ३.१. म्हणजे या इंजिनाचा दट्ट्या खऱ्यापेक्षा पावणेतीन इंच कमी धावतो. कारखान्याने खुंटी आत सरकविली, कारण बाहेर ठेवली तर दांडा खालच्या रुळजोडणीला घासण्याची भीती. पण दांडे चालू लागले की पाहणाऱ्याला ते किंचित आखडलेले वाटतात. लांब टांगा टाकणारा माणूस तोकडी पावले टाकू लागावा तसे. हाही दोष क्षम्य, पण नोंदवून ठेवण्यासारखा.

उलट एक गोष्ट इतकी चोख होती, की मी मनातल्या मनात त्या अनोळखी कारागिराला नमस्कार केला. डाव्या बाजूची खुंटी अगदी खाली आणून ठेवली आणि इंजिन फिरवून उजवी बाजू पाहिली, तर तिथली खुंटी बरोबर आडवी. दोहोंत काटकोन. खऱ्या इंजिनात हा काटकोन नसेल, तर दोन्ही दट्टे एकाच वेळी टोकाला येऊन अडतील आणि इंजिन जागचे हलणार नाही. वाफेच्या गाडीचा तो ‘भक्‌ भक्‌’ आवाज एका फेऱ्याला चारदा येतो, तोही या काटकोनामुळेच. खेळण्याच्या पोटात विजेची मोटर असते. काटकोन जरा चुकला तरी ते चालते. तरी त्याने तो राखला. दांड्यांच्या वर बारीक दांड्यांचे जे जाळे दिसते, बेल्जियमच्या एगिड वॉलशार्ट्स यांनी १८४४ साली शोधून काढलेले, वाफ कधी कुठल्या बाजूने सोडावयाची ते ठरविणारे, तेही बहुतेक हलते ठेवले आहे. त्यातली एक उभी दांडी तेवढी मुकी.

आता चाकांच्या कडा. रुळावरून घसरू नये म्हणून चाकाला आतल्या बाजूने जी उभी कड असते, ती खऱ्या इंजिनात सुमारे इंचभर. ८७ ने भागले तर ती तीन दशांश मिलिमीटरही उरत नाही. एवढ्या कडेवर मुलांच्या हातची गाडी पहिल्याच वळणाला टेबलाखाली जाईल. म्हणून नमुन्याची कड ०.९ मिलिमीटर ठेवली आहे. खऱ्या मापात तीन इंच! वळणांचेही तसेच. खऱ्या मीटर गेजवर सर्वांत कडक वळणाची त्रिज्या १०९ मीटर. शाळेच्या टेबलावर तेवढे वळण द्यावयाचे, तर सव्वा मीटर त्रिज्येचे वर्तुळ हवे, आणि मग वर्गात मुलांना बसायला जागा उरणार नाही. खोक्यातले रूळ चाळीस सेंटिमीटर त्रिज्येचे, म्हणजे खऱ्या हिशेबाने पस्तीस मीटर. एवढ्याशा जागेत वळता यावे म्हणून पुढच्या चार लहान चाकांना मोकळीक दिली आहे, आणि त्यासाठी शेजारचा सिलिंडर केसभर बाहेर ओढला आहे. या साऱ्या तडजोडी. निसर्गाचे नियम लहान करता येत नाहीत, त्याला कारखानदार तरी काय करणार!

इथवर सगळे छान चालले होते. बाई मधूनमधून डोकावून जात आणि आमच्या चेहऱ्यांवरून अंदाज बांधीत. बापू मात्र इतका वेळ काहीच बोलले नव्हते. आम्ही मिलिमीटरांत गुंतलेलो, आणि ते खुर्ची मागे सरकवून इंजिनाच्या तोंडाकडे एकटक पाहत होते. शेवटी म्हणाले, “मास्तर, याले दोन बफर कायले लावले?”

मी पाहिले. इंजिनाच्या पुढच्या तुळईवर डावीकडे एक आणि उजवीकडे एक, असे दोन गोल बफर होते. चकचकीत, सुबक, अगदी मापात. आणि मध्ये लोंबता आकडा.

वाचकहो, ज्यांनी फक्त मोठ्या लाइनीच्या गाड्या पाहिल्या त्यांना यात काही खटकणार नाही. जुन्या ब्रॉडगेजच्या गाड्यांना असे दोन बफर असत, आणि डबे जोडायला मध्ये पिळाची साखळी. आपल्या मीटर गेजची चाल वेगळी. तिथे दोन बाजूंना काही नाही. मधोमध एकच बफर, आणि त्यालाच जोडणीचा आकडा. बापूंच्या भाषेत, “आपल्या गाडीले एकच नाक होतं, मधात.”

माप बरोबर, पण वस्तूच चुकीची! कॅलिपरने ही चूक कधी पकडली नसती. कारखानदाराने कुठल्या तरी परदेशी इंजिनाची तुळई उचलून याला चिकटविली असावी.

मी म्हटले, “बापू, ही मोठी चूक. पण पाहणाऱ्या किती जणांच्या ध्यानात येईल?”

बापू थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मी नवा लागलो होतो तवा एका जंक्शनवर मोठी लाइन अन् छोटी लाइन शेजारीशेजारी होती. मोठ्या लाइनीवर साखळी जोडाले माणूस दोन बफरच्या मधात वाकून शिरे. एक दिवस डबा मागं आला. मी पल्याडच्या लाइनीवरून पायलं. त्या दिवसापासून मी छोटी लाइन सोडली नाही. मोठ्या लाइनीवर बढती मिळत होती, तेही नाही घेतली. घरची मंडळी मले आजवर बोल लावते. अन् तुम्ही या इंजिनाले दोन बफर लावून पोराइले सांगता, का हे आपलं इंजिन हाय?”

खोलीत कोणी काही बोलले नाही. नववीतल्या मुलीने वहीत आधी काहीतरी लिहिले आणि मग पान उलटून नव्या पानावर लिहायला सुरुवात केली.

माझ्यापुरता ‘हुबेहूब’ या शब्दाचा निकाल तिथे लागला. नमुन्यात दोन प्रकारची खोटी मापे असतात. एक, वस्तू लहान करताना नाइलाजाने येणारी : जाड कडा, रुंद रूळ, आखूड वळण. त्यांनी इंजिनाचे इंजिनपण जात नाही. दुसरी, ज्यांच्यामुळे त्या यंत्राशी माणसे कशी वागत होती, कुठे उभी राहत होती, कुठे हात घालीत होती, हेच बदलून जाते. दोन बफर हे दुसऱ्या जातीचे. ते काचेच्या पेटीत गेले, तर उद्या कोणी मुलगा बापूंना विचारील, ‘आजोबा, तुम्ही या दोघांच्या मध्ये शिरत होता ना?’ आणि ज्या एका गोष्टीपायी या माणसाने बढती सोडली, तीच गोष्ट पितळी पाटीच्या साक्षीने खोटी ठरेल. मापात पाप म्हणतात ते हे.

मग आमची नजर कडक झाली. मुलीने टेंडरवरची अक्षरे वाचली : दक्षिण मध्य रेल्वे. आणि विचारले, “सर, पाटीवर तर १९६३ आहे. दक्षिण मध्य रेल्वे तेव्हा होती का?” नव्हती! दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली २ ऑक्टोबर १९६६ रोजी; त्याआधी हा मार्ग मध्य रेल्वेकडे होता. म्हणजे एकतर पाटीचे साल खोटे किंवा टेंडरवरची अक्षरे. दात्याच्या आठवणीतले साल आणि कारखानदाराच्या फोटोतले साल यांची गाठच पडलेली नव्हती. क्रमांक मात्र ठीक होता. वायपीचे क्रमांक दोन हजारांच्या घरातले आणि वायजीचे तीन-चार हजारांच्या. या इंजिनाचा क्रमांक आपल्याच घरात होता.

रंगाबद्दल बापूंनी सूट दिली. इंजिन अगदी आरशासारखे चकचकीत काळे. मी म्हटले, खरे इंजिन इतके स्वच्छ कुठे असते? बापू म्हणाले, शेडमधून निघताना क्लीनरने तेलाच्या बोळ्याने पुसलेले असते, तेव्हा असेच दिसते. पुढचे स्टेशन येईपर्यंतच. तेव्हा हे इंजिन आत्ताच शेडमधून निघाले आहे असे समजावे. चित्रकलेच्या मास्तराला हा धडा नवीन होता.

शेवटी चालवून पाहिले. दुसऱ्या वर्गातली चार-पाच मुले जमली होती. त्यांच्या हाती बटण दिले. सहा फुटी टेबल इंजिनाने दोन सेकंदांत कापले. टाळ्या पडल्या. मुलीने भागाकार-गुणाकार केला : खऱ्या हिशेबात ताशी २८५ किलोमीटरांहून अधिक! वायपीने जन्मात एवढा वेग पाहिला नाही. ताशी साठच्या वेगाने जावयाचे, तर नमुन्याने सेकंदाला एकोणीस सेंटिमीटर जावे, आणि ते टेबल ओलांडायला साडेनऊ सेकंद घ्यावेत. बटण हळू फिरवून तसे चालविले. काय सांगू! तेच इंजिन एकदम जड झाले. दांडे एकेक करून दिसू लागले, वळणावर ते अंग वाकवू लागले. खेळण्याचे आगगाडीत रूपांतर व्हायला एक पैसाही खर्च झाला नाही. फक्त घाई सोडावी लागली. पुण्याच्या कोथरुडात भाऊ जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथे गेलात, तर गाड्यांची संख्या मोजण्याआधी त्यांची चाल पाहा.

आता त्या दोन ओळी. बाईंना मी सांगितले, की ‘हुबेहूब’ या शब्दाखाली मी सही करणार नाही. त्यांचा चेहरा उतरला. त्यांचेही चूक नव्हते. प्रयोगशाळेत चाळीस मुलांमागे एक कॅलिपर आहे. दाता दुखावला, तर तो एकच राहणार. “मास्तर, दोन बफरांपायी मुलांचे नुकसान करायचे का?” असे त्यांनी विचारले, आणि त्या प्रश्नाला माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. पण कोपरा मुलांसाठी आहे, आणि चुकीची पाटी हेही मुलांचेच नुकसान, एवढे मी म्हणालो. अखेर असे ठरले, की दात्याला सगळे मोकळेपणाने लिहावे. आणि दोषांआधी गुण लिहावेत, कारण ते खरोखरच पुष्कळ होते.

पत्र मुलीने लिहिले. बापूंनी सांगितलेला मजकूर तिने जसाच्या तसा घातला, ‘मधात’ हा शब्दसुद्धा बदलला नाही. उत्तर पंधरा दिवसांनी आले, चारच ओळींचे. इतकी वर्षे त्या गाडीने जाऊनही बफर एक की दोन, हे आपण कधी पाहिले नव्हते. ते बदलून घ्यावेत, साल खोडावे, आणि पाटीवर काय लिहायचे ते शाळेने ठरवावे. प्रयोगशाळेचा उल्लेख पत्रात नव्हता. बाई अजून उत्तराची वाट पाहतात, आणि मला रस्त्यात भेटल्या की नमस्कार करतात. पूर्वीइतक्या थांबत नाहीत.

बफर बापूंनीच बदलले. पितळेची तार तापवून, घासून, त्यांनी मधोमध एक नाक बसविले आणि त्याला आकडा. कारखान्याच्या कामाइतके ते सफाईचे नाही. किंचित जाड झाले आहे. सत्त्याऐंशीने गुणले तर फारच जाड. पण ते जागेवर आहे. पाटीवर आता ‘वायपी इंजिनाचा नमुना, १९६६ नंतरचा’ एवढेच आहे, आणि पेटीच्या आत एका कार्डावर रूळ, कडा, वळण, दांडे यांची खरी आणि नमुन्यातली मापे शेजारीशेजारी लिहिली आहेत. मुले इंजिनाइतकेच ते कार्ड वाचतात. कुठे खोटे आहे हे शोधण्याची मुलांना फार हौस असते.

या सदराच्या रिवाजाप्रमाणे गुण द्यावयाचे तर असे : चाकांना दहापैकी नऊ, दांड्यांना सात, रुळांना आठ, रंगाला बापूंच्या शिफारशीवरून आठ, तारीखवारीला तीन. पुढच्या तुळईला कारखान्याच्या अवस्थेत शून्य. दुरुस्तीनंतर किती ते मी सांगत नाही, तिथे मी निःपक्षपाती राहिलेलो नाही.

एक विनंती मात्र करावीशी वाटते. आपल्याच जिल्ह्यात कारंजा लाडवरून मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गाची अडीच फुटी ‘शकुंतला’ जात असे. विदर्भातला कापूस मँचेस्टरकडे धाडायला ती लाइन घातली, आणि तिचे झेडडी जातीचे वाफेचे इंजिनही मँचेस्टरलाच १९२१ साली बांधलेले. १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत ते राबले. मग डिझेल आले, आणि आता तर गाडीही धावत नाही. ७६२ मिलिमीटरला ८७ ने भागले की पावणेनऊ येतात, आणि नऊ मिलिमीटरचे रूळ बाजारात कुठेही मिळतात. म्हणजे कोणीतरी उद्या तिचाही नमुना करील. तो करणारा दूरदेशीचा असेल, फोटोवरून करील, आणि फोटोत न दिसणाऱ्या जागी आपल्या मनाचे घालील. त्याआधी कारंज्याच्या, मूर्तिजापूरच्या, दारव्ह्याच्या वाचकांनी एवढे करावे : दिवाळीच्या फराळाला घरी जमलेल्या म्हाताऱ्यांत कोणी रेल्वेतला असेल, तर त्याला पाण्याचा नळ कुठल्या बाजूला होता, कोळसा कुठून चढवीत, डबा जोडताना पाय कुठे ठेवीत, हे विचारून वहीत उतरून घ्यावे. स्टेशन अजून उभे असेल, तर फलाटाची उंची मोजावी. फूटपट्टी नसली तर वितीने मोजावे, आणि वीत कोणाची ते शेजारी लिहावे.